बाकाखालची जाळी

माझ्या डाव्या भिंतीत, जमिनीपासून चार बोटे वर, बाकाखाली एक जाळी आहे. ती वीतभर लांब आणि मूठभर उंच आहे. तिला सात आडव्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती आहे. त्यामुळे पावसाचे पाणी आत येत नाही आणि आतली हवा मात्र बाहेर जाऊ शकते. पट्ट्यांमधून करंगळी जात नाही. उंदराचे पिल्लू जाऊ शकेल, पण अंग चोरून. माझी सगळी गोष्ट या जाळीची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगितले.

मित्रांनो, मी चाकांवरची एक जुनी खोली आहे. मला इंजिन नाही. दुसऱ्या गाडीने ओढल्याशिवाय मी जागची हलत नाही. माझे अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असून लांबी चौदा फूट आहे. आत एक बाक, एक आरसा, भांडी धुवायची छोटी मोरी आणि गॅसची दोन तोंडांची शेगडी, एवढाच माझा संसार होता. माझा जन्म थंड देशात झाला. जहाजातून मी सुरतेजवळच्या हजीऱ्याला आले, कारण तिथे एका मोठ्या कारखान्याचे बांधकाम चालू होते आणि परदेशी इंजिनियरांना राहायला जागा हवी होती.

माझ्यात दाढीवाला एक साहेब राहायचा. तो कुणाशी फारसा बोलत नसे. दर रविवारी सकाळी तो गुडघ्यांवर बसे, बाकाखाली डोके घाले आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने ती जाळी साफ करी. मग पट्ट्यांपुढे तळहात धरून हवा लागते का ते पाही. जाळीखाली त्याच्या भाषेत दोन ओळींची पाटी होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो सांडला तर धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. त्याला बाहेर पडायला खालीच वाट लागते. पाटीवर हेच लिहिले होते.

कारखाना उभा राहिला आणि साहेब मायदेशी गेला. माझा लिलाव झाला. एका ट्रॅक्टरने मला ओढत सुरतेतल्या उधन्याला नेले आणि मला विकत घेणाऱ्या शालिग्रामच्या शेडपुढे उभे केले.

शालिग्राम मूळचा अमळनेरकडचा. पंचवीस वर्षांपूर्वी तो उधन्याला लूमच्या कारखान्यात लागला. पुढे वेल्डिंग शिकला आणि त्याने स्वतःची पत्र्याची शेड टाकली. आसपासच्या कारखान्यांच्या लूमचे तुटलेले भाग त्याच्याकडे येत. त्याच्या हाताला एक सवय होती. पत्र्यात स्क्रू मारायचा, तर तो सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून स्क्रूखाली घालायचा. पाणी झिरपत नाही आणि पत्रा खडखडत नाही, असे तो म्हणे. बाकीचे वेल्डर त्याला हसत. उधन्यात दुसरा कुणी असे करत नसे. ही सवय लक्षात ठेवा.

त्याने माझा ॲक्सल नीट केला, टायर बदलले, मला आतून-बाहेरून पांढरा रंग दिला. पाटीवरच्या दोन ओळी त्याच रंगाखाली गेल्या. त्या काय सांगतात हे कुणी विचारले नाही आणि वाचू शकेल असे तिथे कुणी नव्हते.

मला कामाला लावायची कल्पना भाईदासची. भाईदास मंडप घालणारा सुरती माणूस होता. मोकळ्या मैदानावर लग्न असले की नवरीला नटायला जागा नसते. एखाद्या कनातीच्या आडोशाला आरसा टांगून ती नटते. चाकांवरची खोली थेट मंडपाच्या मागे नेली, तर लोक मागे लागतील, असे त्याचे म्हणणे होते. मला आतून पाहून मात्र त्याने नाक मुरडले.

“शालिग्रामभाई, गाडी फर्स्टक्लास छे. पण आ तो दवाखानुं लागे. नवरी माटे महेल जेवुं जोईए.”

भाईदासला आत गुलाबी दगडाच्या भिंती हव्या होत्या, जुन्या राजवाड्यासारख्या. शालिग्रामने दगडवाल्याकडून दोन बाय तीन फुटांची एक फरशी आणली आणि काट्यावर ठेवली. ती छत्तीस किलो भरली. मला अशा बावीस लागणार होत्या. त्याने पाटीवर खडूने गुणाकार केला, खाली वाकून माझ्या ॲक्सलकडे पाहिले आणि फरशी परत पाठवली.

तेव्हा मालतीबाईंना, म्हणजे शालिग्रामच्या बायकोला, आपला धाकटा भाऊ आठवला.

योगराज रंगकाम करायचा. पण आषाढापासून भाद्रपदापर्यंत त्याला दुसरे काहीच सुचत नसे. उधन्यातल्या खानदेशी मंडळांच्या गणपतीची मखरे तो बनवायचा. कैलासाची गुहा, किल्ल्याचा बुरूज, हेमाडपंती देऊळ, जे म्हणाल ते थर्माकोलमधून. आधी तापलेल्या तारेने चिरे कापायचा. मग साडीच्या कारखान्यातून आणलेले चिंध्यांचे तुकडे खळीत बुडवून त्यावर ताणून बसवायचा. त्यावर पुट्टी, पुट्टीवर चाळलेली दगडाची भुकटी आणि शेवटी रंगाचे तीन हात. चिंध्या त्याची बायको रंजना आणायची. ती त्याच कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायची. लोक मखरातल्या दगडावर बोटाने टकटक करून बघत आणि आवाज पोकळ आला की खजील होत.

योगराजने माझ्यासाठी पहिला चिरा केला आणि त्याच काट्यावर ठेवला. सव्वा किलो. शालिग्राम बराच वेळ काट्याकडे बघत राहिला. मग त्याने मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्याकडून तेवढेच कौतुक मिळायचे आणि योगराजला ते पुरायचे.

चौऱ्याण्णव सालचे गणपती बसले, उठले आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी योगराज माझ्यात कामाला आला. चिरे तयार होते. त्याने ते एकेक करून भिंतींवर चढवले, सांधे पुट्टीने बुजवले आणि वर बारीक कुंचल्याने शेवाळाची छटा दिली. बाकाखाली वाकल्यावर त्याला जाळी दिसली.

“दाजी, हाई जाळी कसानी शे?”

“साहेबलोकंसनी हौस,” शालिग्राम बाहेरून म्हणाला.

“मंग तठे मी दगड लावत नही. ऱ्हाऊ दे उघडी.”

बाकाखालची तेवढी भिंत योगराजने पांढरीच सोडली. त्याला विज्ञान ठाऊक नव्हते. पण ज्याने भोक पाडले त्याने काहीतरी विचार केला असेल, एवढे त्याला कळत होते. मित्रांनो, शहाणपण म्हणजे बहुधा इतकेच असते.

पुढच्या दोन दिवसांत शहरात प्लेगची साथ आली. उंदीर मेले, मग माणसे मेल्याची बातमी आली. गल्लीतले लोक तोंडाला रुमाल बांधून, हातात येईल ते बोचके घेऊन स्टेशनकडे पळाले. खानदेशकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपांवरही जागा उरली नाही. योगराज आणि रंजना गावी गेली. मालतीबाईही चला म्हणत होत्या. शालिग्राम गेला नाही. शेड लोखंडाने भरली होती आणि मी जवळजवळ तयार होते. मालतीबाई मग त्याच्याबरोबर राहिल्या.

त्या आठवड्यात शालिग्रामने दिसेल ते भोक बुजवले. गटाराच्या तोंडाला त्याने जाड पत्रा लावला. दाराखालच्या फटीत पोत्याच्या चिंध्या कोंबल्या. कोळशाच्या कोपऱ्यात मेलेला उंदीर सापडला तेव्हा त्याने तो लांब चिमट्याने उचलून रॉकेल ओतून जाळला, हे मी पाहिले आहे. त्याच दुपारी तो माझ्या बाकाखाली सरकला. जाळीच्या मापाचा पत्रा कापून त्याने तो तिच्यावर बसवला. सहा स्क्रू, सहा चकत्या. वर पांढरा रंग मारला. मालतीबाई दारात उभ्या राहून कंदील धरत होत्या, कारण बाकाखाली अंधार होता आणि गल्लीतली वीज गेली होती.

त्याची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्या दिवसांत शहाणी माणसेही घाबरली होती. चूक त्या दुपारची नव्हती. ती पुढच्या दिवसांची होती.

साथ ओसरली आणि गल्ली पुन्हा भरली. गटाराच्या तोंडावरचा पत्रा निघाला, कारण पाणी तुंबले. दाराखालच्या चिंध्या निघाल्या, कारण दार लागेना. माझी जाळी बंद राहिली, कारण तिच्यावाचून कुणाचे काही अडले नाही. दिवाळीत झाडलोट करताना मालतीबाई म्हणाल्या, “आते तो पत्रा काढी टाका ना.”

“काढसू. घाई काय शे.”

तुळशीचे लग्न लागले आणि लगीनसराई सुरू झाली. शालिग्राम तो पत्रा विसरून गेला.

तो दीड महिना म्हणजे माझ्या आयुष्यातले सर्वांत कौतुकाचे दिवस होते. अठरा नवऱ्या माझ्या आरशापुढे नटल्या. रंजना कारखान्यातून सुटी घेऊन माझ्याबरोबर येई. साडी नेसवणे, वेणी घालणे, घाबरलेल्या पोरीला बोलते करणे, हे तिला फार छान जमे. भिंतींकडे बघून प्रत्येक नवरी विचारायची, हा खरा दगड आहे का? रंजना गंभीर चेहऱ्याने सांगे, “भिंतले टेकू नको, माय. डोंगर हालस.” मग पोरगी हसायची आणि तिच्या डोळ्यांतले काजळ वाचायचे. नवरीबरोबरच्या बायकांना चहा लागतोच. तो रंजना माझ्या शेगडीवर करून द्यायची.

शेगडीची रबरी नळी साहेबाच्या वेळची होती. तिला वाकणाजवळ केसाएवढी चीर पडली होती.

डिसेंबरातली सकाळ होती. थंडी म्हणून माझे दार आणि खिडकी बंद होती. मैदानावर सनई लागली होती. आत मोगऱ्याचे गजरे, अत्तर, केसांवर मारायचा फवारा, पावडर अशा इतक्या वासांची गर्दी होती की आणखी एक वास कुणाला वेगळा कळला नाही. शिवाय तो खाली होता. बाकाखाली, पायांशी, घोट्यापर्यंत. मी तो साचताना ओळखला. साहेबाच्या दिवसांत तो आला असता तर सात पट्ट्यांमधून उतरून मैदानात गेला असता. आता तो पत्र्याला येऊन थडकत होता आणि मागे वळत होता.

नवरीला बोलावणे आले. बायका तिला घेऊन मंडपाकडे गेल्या. शेवटच्या बाईने जाताना दार ओढून घेतले. रंजना एकटी उरली. तिने सांडलेली फुले गोळा केली, आरसा पुसला आणि परत येणाऱ्यांसाठी चहा ठेवायला काडी ओढली.

पुढचे मी थोडक्यात सांगते. ज्वाळा जमिनीवरून आली. चिंध्या पेटल्या, थर्माकोल वितळून थेंबाथेंबाने खाली पडू लागला आणि धूर इतका काळा झाला की दार कुठे आहे ते आतून दिसेना. मंडपातल्या पाण्याच्या टँकरने मला विझवले. रंजनाला बाहेर काढले तेव्हा ती बोलत होती. नवरीला सांगू नका, असे ती म्हणत होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली.

पंचनामा करणाऱ्याने लिहून घेतले, गॅसची गळती आणि भिंतींना ज्वालाग्राही सजावट. त्याने शालिग्रामला विचारले, आणखी काही? शालिग्रामने मान हलवली. ती मान नाही म्हणाली.

मला शेडच्या मागे नेऊन उभे केले. माझ्या भिंतींवर काळी, कडक झालेली साल लोंबत होती. तीन वर्षे शालिग्राम सोडून कुणी आत आले नाही. पावसात माझ्या छतावर पाणी साचले आणि चाकांभोवती एरंड वाढला.

आता आगीपेक्षा वाईट जे होते ते सांगते.

योगराजने मखरे बनवणे सोडले. मंडळांची पोरे दर वर्षी यायची आणि दर वर्षी परत जायची. त्याने डाइंगच्या कारखान्यात काम धरले. गल्लीतले काही लोक त्याच्या मागे म्हणत की याच्या थर्माकोलनेच बायको खाल्ली. एकदा एक जण तोंडावर म्हणाला. योगराजने वाद घातला नाही, कारण त्यालाही तेच वाटत होते. दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला यायचा. पान संपेपर्यंत खाली बघायचा. शालिग्राम त्याच्या समोर बसून जेवायचा. दोघांमध्ये ताटाएवढे अंतर असायचे आणि शालिग्रामला ते ओलांडता येत नव्हते.

शालिग्राम घरात अहिराणी बोलायचा, बाजारात गुजराती. त्या तीन वर्षांत घरातली बोली कमी होत गेली. मालतीबाईंनी त्याला थेट कधी विचारले नाही. कंदील त्यांच्याच हातात होता, तेव्हा विचारायचे काय? मागच्या दाराशी भांडी घासताना त्या माझ्याकडे बघत आणि एवढेच म्हणत, “इकी टाका, नई तं तोडी टाका.” विका नाहीतर तोडा. शालिग्रामला दोन्ही जमत नव्हते. विकली तर जाळी दुसऱ्याच्या हाती जाते आणि तोडली तर पत्रा सगळ्यांना दिसतो.

दोनदा तो पेचकस घेऊन माझ्यात आला. भर दुपारी, शेडमध्ये कुणी नसताना. बाकापुढे बसला. वितळलेल्या थर्माकोलची ढेप पत्र्यावर घट्ट बसली होती. पेचकस ढेपेला टेकवला, पण ती खरवडली नाही. दोन्ही वेळा तसाच उठून गेला.

सत्त्याण्णव सालच्या कार्तिकात भाईदास परत आला. त्याने माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, अंगावर बोटाने वाजवून पाहिले आणि मला विकत घ्यायचे म्हणाला. सांगाडा शाबूत आहे, आत नवी दगडी भिंत केली की लगीनसराईत पुन्हा उभी राहील. आणि तसला दगड सुरतेत एकच माणूस करतो. योगराजला तूच समजाव, तुझा मेहुणा आहे, असे तो शालिग्रामला म्हणाला.

मला वाटले होते, शालिग्राम त्याला वाटेला लावील. तो म्हणाला, बघतो.

निरोप मालतीबाईंनी नेला. योगराज येणार नाही असे सगळ्यांना वाटत होते. तो आला. दुसऱ्याच्या बायका-पोरी त्यात बसणार असतील, तर पुन्हा थर्माकोल लावू देणार नाही, पण जुनी जळकी साल खरवडून देतो, एवढे तो बोलला. हातात खरवडणी घेतली आणि आत चढला. तीन वर्षांनी माझ्यात पुन्हा त्याचा श्वास ऐकू आला.

त्याने वरून सुरुवात केली. छताजवळचे चिरे, खिडकीभोवतीचे, आरशाच्या जागेचे. प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघायचा, मग बाहेर टाकायचा. शालिग्राम दाराबाहेर उभा होता. भाईदास पलीकडे खुर्चीवर बसून किती दिवस लागतील ते विचारत होता. मालतीबाई चहा घेऊन आल्या.

योगराज बाकाखाली सरकला. इथे मी दगड लावला नव्हता, मग ढेप वरून ओघळून आली असणार, असे तो स्वतःशी पुटपुटला. खरवडणीच्या चौथ्या फटक्याला ढेप निघाली. खाली पत्रा होता.

त्याने तळहाताने काजळी पुसली. स्क्रू सहा होते. रबराचा कोळसा झाला होता, पण प्रत्येक स्क्रूखाली गोल ठसा होता, ट्यूबच्या चकतीएवढा. तो पडून राहिला आणि त्या ठशांवरून एकेक करून बोट फिरवत गेला. सहाव्या ठशावर बोट थांबले.

मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहिली. तो बाहेर सरकून बाकाला पाठ टेकून बसला. काजळीने माखलेले हात त्याने मांडीवर ठेवले.

“दाजी, बाकखाले मी दगड लायेल नव्हता.”

शालिग्राम दारातून आत आला. माझा तळ त्याच्या वजनाने किंचित दबला. मालतीबाई बशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मी निर्जीव आहे. मला हात नाहीत, म्हणून मी तो पत्रा काढू शकले नाही. मला तोंड नाही, म्हणून तीन वर्षे योगराजला काही सांगू शकले नाही. तुम्हाला दोन्ही आहेत. तुमच्या घरात जमिनीलगत एखादे भोक दिसले, तर ते बुजवण्यापूर्वी कशासाठी आहे ते विचारा. घाबरून बुजवलेच, तर भीती गेली त्या दिवशी उघडा. आणि उघडायचे राहून गेलेच, तर ज्याच्यावर आळ आला आहे त्याला जाऊन सांगा. ते काम उद्यावर टाकू नका. उद्यावर टाकलेले काम माझ्या पोटात तीन वर्षे होते. ते किती जड होते, ते कुठल्या काट्यावर भरले नसते.

“नव्हता,” शालिग्राम म्हणाला. “तो पत्रा मना शे. उंदीरसना भ्यावमुळे मी ठोका. तुन्हा दगडनी रंजनाले मारं नही, योगराज.”

योगराजने वर पाहिले नाही. मालतीबाईंनी हातातली बशी पायरीवर ठेवली.

बाहेरून भाईदासने पुन्हा विचारले, केटला दिवस? शालिग्राम गेली वीस वर्षे त्याच्याशी गुजराती बोलत आला होता. आता तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, गल्लीतल्या शेवटच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, आणि बोलला ते त्याच्या घरातल्या बोलीत.

“गाडी इकनी नही, भाईदासभाई. तोडनी शे.”